कौतिकआक्काचे तीन दगड

पायाला आलेले फोड आठ दिवसांत बसतात. किस्से बसत नाहीत. दर चैत्रात आम्ही सुरतेहून सप्तशृंगीच्या गडावर पायी जातो, आणि मग वर्षभर माझ्या दारात जेवणाचा डबा घ्यायला येणारा प्रत्येक जण एक तरी किस्सा उकरून काढतो. "वहिनी, ते साहेबांच्या बुटाचं सांगा ना." "वहिनी, ते रंगवाल्याचं." मी तव्यावरची भाकरी उलटत सांगते. सांगून सांगून किस्से भाकरीसारखेच फुगतात, हेही खरं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे आणखी कुणी फुगवायला नको. मी चौथीपर्यंत शिकले. बोलते तसंच लिहिणार.

आम्ही म्हणजे सुरतेतल्या नवागामची वीस-बावीस माणसं. कुणी शिरपूरकडचं, कुणी नंदुरबारकडचं, कुणी अमळनेरचं. लूमच्या, साडीच्या, रंगाच्या कामाला सुरतेत आलो ते इथलेच झालो. पण आमचा खानदेश म्हणजे देवीचं माहेर, असं आमच्याकडे मानतात. म्हणजे आम्ही तिच्या माहेरची माणसं. लेकीला भेटायला जाताना माहेरच्या माणसानं रस्ता लांब आहे म्हणायचं नसतं.

रस्ता मात्र लांबच आहे. पलसाणा, महुवा, अनावल, उनाई, वघई, मग डांगचं जंगल, सापुताऱ्याचा घाट, हातगड, अभोणा, नांदुरी आणि मग गड. नऊ दिवस. मागून एक टेम्पो चालतो. त्यात आमची भांडी, अंथरुणं, पाण्याची पिंपं. टेम्पो हसमुखभाईंचा. ते पक्के सुरती, पण आमच्यात इतकी वर्षं राहून भाकरीवर ठेचा मागायला लागलेत.

नियम एकच, आणि तो मी केलेला. टेम्पोत बसलं की चालणं मोडलं. पुढं गाडीनं या, दर्शन घ्या, देवी कुणाला हाकलत नाही. पण पायी आलो असं म्हणायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नवागामच्या नाक्यापासून सुरुवात.

वर्षं वेगवेगळी आहेत, पण मी रस्त्यानं जसजसं गाव येतं तसतसं सांगते. म्हणजे कुणी चुकणार नाही.

* * *

पलसाणा हा आमचा पहिला मुक्काम. हायवे, मोठमोठे ट्रक, दोन्ही बाजूंना डाइंग मिला, आणि हवेला रंगाचा, वाफेचा वास. इथं कुणाला देव आठवत नाही, घर आठवतं. कारण घर अजून जवळच असतं.

कौतिकआक्का पहिल्या वर्षी इथंच बसली.

ही आमच्या गल्लीतली. तीस वर्षं जमिनीवर मांडी घालून साड्यांचे लोंबणारे धागे कापले तिनं. हातात कात्री, पुढ्यात साड्यांचा ढीग. त्या मांडीनं गुडघे खाल्ले. पाच वर्षांपूर्वी तिची नात सातव्या महिन्यात झाली, मुठीएवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. आक्का काचेला नाक लावून उभी राहिली आणि बोलून बसली, "माय, ही जगली तर मी तुझ्याकडे पायी येईन. सगळा रस्ता. एक पाऊल गाडीत नाही."

नात जगली. आता बालवाडीत जाते आणि साऱ्या गल्लीला ओरडून शिव्या देते. आक्काचं बोललेलं तेवढं राहिलं.

त्या पहिल्या वर्षी ती इतकी जोरात निघाली की मी म्हटलं, ही आपल्याआधी गड गाठते. संध्याकाळी पलसाण्याला पोचलो, ती खाली बसली, आणि सकाळी उठताच येईना. दोघांनी धरलं तरी गुडघा सरळ होईना. तेव्हा तिनं बसल्या बसल्या रस्त्याकडेचा एक दगड ओढला, उभा केला, कपाळाचं कुंकू बोटानं काढून त्याला लावलं आणि म्हणाली, "इथवर माझं झालं. पुढचं पुढच्या वर्षी."

हसमुखभाई म्हणाले, "मासी, अहींथी तो सुरतनी रिक्षा मळशे." इथून तर सुरतेची रिक्षा मिळेल म्हणे.

सगळे हसले. आक्कासुद्धा हसली. मग पदरात तोंड घालून टेम्पोत बसली.

पुढच्या वर्षी आलो तर तिथला हायवे रुंद झालेला. दगडाचा पत्ता नाही. आम्हाला वाटलं हिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरं झालं. आपल्याआधी पुढं निघाला असेल."

* * *

सबनीससाहेब आमच्यात आले तो किस्सा लोकांना फार आवडतो. हे हजिऱ्याच्या एका कंपनीत मोठे साहेब होते, रिटायर झाले. राहतात तापीच्या पलीकडे, चांगल्या वस्तीत. कुणीतरी सांगितलं म्हणून आमच्या नाक्यावर येऊन उभे राहिले. पायात डोंगर चढायचे बूट, दोन हातांत दोन काठ्या, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, पाठीवर सॅक आणि सॅकमधून निघालेली नळी तोंडाजवळ. नळीतून पाणी प्यायचे.

धनराज माझ्या कानात म्हणाला, "वहिनी, यांना सलाईन लावून आणलंय का?"

दुसऱ्या दिवशी महुव्याच्या अलीकडे साहेब लंगडायला लागले. बूट काढला तर टाचेवर जांभळाएवढा फोड. साहेबांनी सॅकमधून पेटी काढली. त्यात पट्ट्या, मलमं, कात्र्या, सगळं. काय आधी लावायचं तेच कळेना.

कौतिकआक्का त्यांच्या पुढ्यात बसली. पायात तिच्या रबराच्या चपला, त्यातली एक सुतळीनं बांधलेली. तिनं पदराची सुई काढली, पेटलेल्या काडीवर धरली, दोरा ओवला, आणि फोडाच्या या बाजूनं घालून त्या बाजूनं काढली. दोरा आतच ठेवला. पाणी दोऱ्यावरून गळत गेलं. दोन्ही टोकं दातांनी तोडली.

साहेब बघतच राहिले. "आणि हा दोरा?"

"राहू द्या. आयुष्यभर दोरे कापले. एक ठेवते."

तिसऱ्या दिवशी साहेब धनराजच्या जुन्या चपला घालून चालत होते आणि त्यांचे बूट टेम्पोत बसले होते. मी हसमुखभाईंना सांगितलं, बुटांचं चालणं मोडलं, लिहून ठेवा.

* * *

अनावलला रस्ता फुटतो. तिथं आक्काचा दुसरा दगड. दुसऱ्या वर्षी ती इथवर आली होती. पुन्हा तसंच, बसली ती उठली नाही. दगड उभा केला, कुंकू लावलं, टेम्पोत बसली.

तिसऱ्या वर्षी आम्ही तिथं पोचलो तर चहाची गाडी लागलेली. गाडी उतारावर उभी, आणि चाक घसरू नये म्हणून चाकाखाली आक्काचा दगड. कुंकवाचा डाग तसाच.

माझं डोकं फिरलं. मी त्या चहावाल्याला म्हटलं, "उचल तो दगड. काय समजलास तू त्याला?"

तो बिचारा घाबरला. "मावशी, दगडच आहे ना?"

आक्कानं माझा हात धरला. "राहू दे व मंगल. कामाला लागलाय तो. माझ्यापेक्षा बरा." मग त्याच गाडीवर तिनं चहा घेतला, आणि बशी त्या दगडावर टेकवून फुंकर घालत प्यायली.

त्या वर्षी ती अनावलच्या पुढं गेली. वर्षभर रोज सकाळी डिंडोलीपर्यंत चालून यायची, त्याचं फळ. पुढं उनाईच्या गरम पाण्याच्या कुंडाशी तिनं तांब्या तांब्या पाणी गुडघ्यांवर ओतलं आणि मला म्हणाली, "माले वाटतं, हे गुडघे आता ऐकायला लागले."

* * *

वघई सोडलं की डांग लागतं. इथून पुढं मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. चैत्रात सागाची पानं गळून गेलेली असतात. उघड्या झाडांमधून डोंगरामागं डोंगर दिसतात, एकामागं एक, मोजत गेलं तर संपत नाहीत. खाली मोहाची फुलं पडलेली, आणि सगळ्या जंगलाला त्यांचा गोड, जड वास. आमच्यातले बडबडे लोकसुद्धा इथं गप्प होतात. पहिल्या वर्षी मीच गप्प झाले होते, आणि माझ्या नवऱ्याला वाटलं मला ताप आला.

धनराजचं इथंच झालं. धनराज लूमवर. बावीस वर्षं त्या खटखटात बारा-बारा तास. लूमवाला माणूस घरातही ओरडूनच बोलतो, त्याला वाटतं समोरच्याला ऐकू येत नाही. बायको रागावली आहे का प्रेमानं बोलते आहे हे तो तोंड बघून ओळखतो.

दुपारी आम्ही एका आंब्याखाली टेकलो होतो. धनराज एकदम उठून माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. "वहिनी, माझे कान गेले. काहीच ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मी बोलतेय ते?"

"ते येतंय."

"मग कान आहेत. इथं आवाजच नाही. बस गप."

तो बसला. बराच वेळ डोळे मिटून बसला. मग हळूच, एवढा हळू मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणाला, "वहिनी, आला."

"काय आला?"

"आवाज. पान पडलं."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "दुसरं पडलं." आम्ही निघालो तरी तो उठेना. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. या झाडाची संपली की येतो."

* * *

सबनीससाहेबांचं घड्याळ या जंगलात एकदाच हरलं. सकाळची वेळ, एक म्हातारी बाई टोपलीत मोहाची फुलं वेचत होती. वाकलेली, काटकुळी, पायात काही नाही. साहेबांनी विचारलं, "आजी, शामगहान किती लांब?"

ती म्हणाली, "जवळ आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "आजी, हे तर अकरा किलोमीटर दाखवतंय. ते जवळ कसं?"

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. काठ्या बघितल्या, नळी बघितली. "तू चाललास तर लांब. मी चालले तर जवळ."

आणि टोपली डोक्यावर घेऊन आमच्या पुढं निघाली. आम्ही पाणी प्यायला थांबलो तेवढ्यात दिसेनाशी झाली. दुपारी शामगहानला पोचलो तर बाजारात फुलं विकून ती परत निघाली होती. साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं ते गडापर्यंत काढलं नाही.

* * *

पंडित रंगवाला हा पलसाण्याच्या एका मिलमध्ये कलर मास्टर. व्यापाऱ्यानं कापडाचा तुकडा आणून टाकायचा आणि यानं रंगात रंग मिसळून हुबेहूब तसा काढून द्यायचा, हे त्याचं काम. याला ते मॅचिंग म्हणतात. पंडितची बोटं कायमची निळी-तांबडी. त्याला गर्व फार. म्हणायचा, "वहिनी, जगात असा शेड नाही जो पंडितनं बसवला नाही."

अंबिका नदीच्या पाण्यात पाय घातल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय विचारली? "आज मिल बंद आहे का? पाणी पांढरं कसं?"

सगळे हसले, तो हसला नाही. ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ बघत होता.

पण खरी गंमत घाटाच्या पायथ्याशी. सकाळी उजाडताना समोर सापुताऱ्याचे डोंगर. आधी काळे, मग जांभळट, मग एकेक कडा राखाडी, मग एका बाजूनं ऊन आलं आणि त्या राखाडीच्या आतून गुलाबी फुटायला लागलं. मी पंडितला म्हटलं, "काय मास्टर, हा बसव बरं."

तो उभा राहिला. बोटं हलवत होता, जणू मनात डबे मोजत होता. एवढा निळा, एवढा लाल, थोडा काळा. मग थांबला, कारण डोंगर तोवर बदललेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बदलला. चहा थंड झाला. शेवटी त्यानं हात खाली सोडले आणि म्हणाला, "वहिनी, पार्टीला सांगा, माल परत. हा पंडितला जमणार नाही."

तेव्हापासून बढाई बंद. आता कुणी मॅचिंगचं कौतुक केलं की म्हणतो, "खालचं जमतं. वरचं नाही."

* * *

हसमुखभाईंचा किस्सा छोटा आहे. दहा वर्षं ते आमच्यामागं पहिल्या गिअरमध्ये येतात आणि कुणी जरा लंगडलं की खिडकीतून तोंड काढून म्हणतात, "बेसी जाओ ने, कोण जुए छे?" बसा हो, कोण बघतंय. माझ्या आणि त्यांच्या भांडणाचं मूळ हेच.

एका वर्षी घाटाच्या सुरुवातीला टेम्पो बंद पडला. मेकॅनिक वर सापुताऱ्याला. फोन लागेना. शेवटी हसमुखभाईंना स्वतः चालत वर जावं लागलं. पोट पुढं, रुमाल डोक्यावर. दुसऱ्या वळणावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मागं बघितलं, पुढं बघितलं, आणि मला म्हणाले, "मंगलबेन, आ तो चढाण छे!"

दहा वर्षं त्या रस्त्यानं जाणारा माणूस.

मी म्हटलं, "बसा ना भाई. कोण बघतंय."

तेव्हापासून ते कुणाला बसा म्हणत नाहीत.

* * *

आता जे सांगते ते मी भाकरी करताना सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी, त्याच तिसऱ्या वर्षी, आक्का घाटापर्यंत पोचली. पलसाणा, अनावल मागं टाकून डांग पार करून आली. सापुताऱ्याच्या घाटातल्या एका वळणावर, जिथं एक मोठं उंबराचं झाड आहे, तिचे गुडघे फुगून पपईसारखे झाले. कातडी ताणून चकाकत होती. तरी ती चालत होती. चालत म्हणजे काय, एका हातानं कठडा धरून स्वतःला ओढत होती. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून पाणी.

मी सांगितलं, "आक्का, बस टेम्पोत."

"नाही."

"पाय जातील तुझे."

"जाऊ देत. तू नियम केलास ना? मग तूच कशी बसवतेस?"

मी तिला उचललं. धनराजला म्हटलं दुसऱ्या बाजूनं धर. ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. म्हणाली, "थांब, मेली, एवढं करू दे." खाली उतरवली. तिनं उंबराखालचा एक दगड घेतला. मधून पांढरी रेघ गेलेला, वरचा कोपरा दातासारखा तुटलेला. उभा केला, कपाळाचं कुंकू लावलं. या वेळी पुढच्या वर्षीचं नाव काढलं नाही. दगडाशेजारी बसून रडली, लहान पोरीसारखी, आणि मग मी तिला टेम्पोत टाकली.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी डबा पाठवला की परत यायचा, तसाच, भरलेला.

गेल्या वर्षी डॉक्टरनं तिला घराबाहेर पडू दिलं नाही. यंदा त्यानं सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, चैत्र झाला की करू. त्या दिवशी आक्का स्वतः माझ्या दारात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "मंगल, देवीला मी बोलले ते या गुडघ्यांनी. लोखंडाच्या गुडघ्यांनी गेले तर ते माझं जाणं का लोखंडाचं? मला यंदाच जायचंय. आणि तू मला बस म्हणायचं नाही."

मी कढईची शपथ घेतली. माझ्याकडे तेवढीच पवित्र वस्तू.

* * *

यंदा आम्ही फार हळू गेलो. पलसाण्याला ती बसलीच नाही, उभ्यानं जेवली. अनावलला चहाच्या गाडीखालच्या दगडाला पायाच्या अंगठ्यानं हळूच शिवली आणि म्हणाली, "अजून कामावर आहेस?" डांगमध्ये धनराज तिच्या एका बाजूला, पंडित दुसऱ्या बाजूला, पण धरायचं नाही, नुसतं चालायचं. सबनीससाहेब मागं, काठी तयार ठेवून. तिनं मागितली नाही.

घाटाच्या पायथ्याशी तिचे गुडघे पुन्हा फुगले. मी बघितलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. कढईची शपथ होती.

उंबराच्या वळणावर आलो तर तिथं गर्दी.

आधी वाटलं अपघात झालाय. जवळ गेलो तर उंबराला भगवा झेंडा. खाली दगडांचा छोटा चौथरा, त्यावर शेंदूर, हिरव्या बांगड्या, नारळाच्या करवंट्या, उदबत्त्या, तेलाचा एक भला मोठा डबा. आणि मधोमध दगड. शेंदराखालूनही कळत होतं, कोपरा दातासारखा तुटलेला.

मी आक्काकडे वळून बघितलं.

उधन्याकडच्या दुसऱ्या एका मंडळाची बाई तिथं तेल वाटत होती. आक्काचं चालणं बघून ती पुढं आली. "मावशी, अशा जाऊ नका. आधी पाया पडा. ही गुडघेमाय आहे. हिचं तेल गुडघ्याला लावलं की घाट चढवतेच. गेल्या नवरात्रापासून सगळे पायी जाणारे इथं थांबतात. लई जागृत आहे."

सबनीससाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना खरं सांगायची सवय. मी त्यांच्या पायावर पाय दिला, दोरा घातला होता त्याच.

आक्का दगडाकडे बघत होती. मग चौथऱ्यापाशी गेली आणि खाली बसली.

ती बसली की उठत नाही, हे तीन दगडांनी आम्हाला शिकवलेलं. मागं हसमुखभाईंनी इंजिन बंद केलं. घाटात एकदम शांत झालं. धनराज पुढं सरकला, मी त्याचा हात धरला.

आक्कानं त्या बाईकडून तेल घेतलं, पण गुडघ्यांना लावलं नाही. दगडाला लावलं. हळूहळू, वरपासून खालपर्यंत, नातीला लावावं तसं. शेंदूर तिच्या बोटांना लागला. मग ती वाकली आणि दगडाच्या तुटक्या कोपऱ्याशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. एक-दोन शब्द असतील.

आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकून उठली. कुणी हात दिला नव्हता.

त्यानंतर हातगड, अभोणा, नांदुरी. तिच्या पायांकडे मी बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात शिखरं एका ओळीत उभी राहिली, आमच्या डोक्यावर, इतकी जवळ की मान मागं टाकावी लागली. शेवटच्या पायऱ्यांवर ती दर चार पायऱ्यांनी थांबत होती आणि मागची गर्दी आपोआप थांबत होती, कुणी ढकललं नाही. वर पोचली. देवीपुढं उभी राहिली. हात जोडले.

बाहेर येऊन कठड्याला टेकलो. खाली सगळा मुलूख पसरलेला, आम्ही आलो तो रस्ता दोऱ्यासारखा बारीक. मी तिला विचारलं, "आक्का, त्या उंबराखाली दगडाला काय म्हणालीस?"

ती घाम पुसत होती. कपाळाला शेंदराची बोटं उमटली.

"काही नाही व. म्हटलं, तू बस माय इथं. मी जाऊन येते."